पाणी राज्याचे, सांडपाणी कोणाचे?

एप्रिल २०२१ मध्ये पुणे आणि सोलापूर या दोन जिल्ह्यांत एक चमत्कारिक वाद उभा राहिला. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या शहरांतून वाहत येऊन उजनी धरणात पडणारे पाच टीएमसी सांडपाणी उचलून ते इंदापूर तालुक्याला देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला होता. सोलापूर जिल्ह्यात त्याविरुद्ध आंदोलने झाली, लोकप्रतिनिधी आमनेसामने आले आणि मे महिन्यात सरकारला हा निर्णय रद्द करावा लागला. हे पाच टीएमसी नेमके कोणाच्या वाट्याचे, यावर त्या महिनाभरात भरपूर बोलले गेले. ज्या पाण्यासाठी हा सारा आटापिटा चालला होता त्याला सरकारी भाषेतच ‘सांडपाणी’ म्हटले जात होते. मात्र ते धरणात तसेच का येते, हा प्रश्न मागेच राहिला.

राज्याच्या जलव्यवहाराचे हेच वैशिष्ट्य आहे. पाण्याच्या प्रमाणावर सरकारचे नियंत्रण जवळजवळ संपूर्ण आहे. धरणाचे दार किती इंच उघडायचे, कालव्याला आवर्तन कधी सोडायचे, कोणत्या शहराला किती कोटा द्यायचा, हे सारे सरकार ठरवते. पाण्याच्या गुणवत्तेवर मात्र त्याच सरकारचे नियंत्रण अनेक खात्यांत आणि मंडळांत असे विभागले गेले आहे, की प्रत्यक्षात नदी कोणाच्याच ताब्यात राहत नाही.

अधिकार कोठून आले?

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत १७व्या क्रमांकावर पाण्याची नोंद आहे. पाणीपुरवठा, सिंचन आणि कालवे, जलनिःसारण आणि बांध, पाण्याचा साठा आणि जलविद्युत हे विषय तिने राज्यांकडे सोपवले. त्याला अपवाद एकच, आणि तो केंद्रसूचीतील ५६व्या नोंदीचा. आंतरराज्य नद्यांचे नियमन आणि विकास संसदेने कायद्याने आपल्या हाती घ्यायचे ठरवले, तर तेवढ्यापुरता केंद्राचा अधिकार. या अधिकाराचा उपयोग केंद्राने बेताचाच केला. १९५६ च्या नदी मंडळ कायद्याखाली आजवर एकही नदी मंडळ प्रत्यक्षात स्थापन झालेले नाही. त्याच वर्षीच्या आंतरराज्य जलविवाद कायद्याखाली लवाद मात्र अनेक नेमले गेले. थोडक्यात, राज्ये भांडली तर केंद्र मध्ये पडते. एरवी नदी राज्याची.

‘प्रदूषण’ हा शब्द राज्यसूचीतील या नोंदीत नाही. घटना तयार झाली तेव्हा देशापुढचा प्रश्न अन्नधान्याचा आणि सिंचनाचा होता, त्यामुळे ते स्वाभाविकही म्हणता येईल. राज्यांनी या विषयावर सुरुवातीला आपापले कायदे केले. ओरिसाने १९५३ मध्ये नदी प्रदूषण प्रतिबंधक कायदा केला. महाराष्ट्राचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ चा. त्याखाली सप्टेंबर १९७० मध्ये राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ अस्तित्वात आले. म्हणजे संसदेने जल (प्रदूषण प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा संमत करण्याच्या चार वर्षे आधीच महाराष्ट्रात असे मंडळ होते. १९७४ चा केंद्रीय कायदाही घटनेच्या २५२व्या अनुच्छेदाखाली, म्हणजे काही राज्यांनी विनंती केली म्हणून झाला. इतर राज्यांनी ठराव करून तो स्वीकारायचा होता. महाराष्ट्राने तो जून १९८१ मध्ये स्वीकारला.

मंडळात कोण बसते?

या कायद्याने राज्य मंडळाला दिलेले अधिकार कागदावर थोडेथोडके नाहीत. सांडपाणी सोडणाऱ्या प्रत्येक उद्योगाने आणि नगरपालिकेनेही मंडळाचे संमतीपत्र घ्यावे लागते. १९८८ च्या दुरुस्तीने जोडलेल्या ३३-अ या कलमाखाली मंडळ एखादा कारखाना बंद करण्याचा, त्याची वीज आणि पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकते. साखर कारखाने, आसवन्या, कापडावर प्रक्रिया करणारे उद्योग यांच्यावर अशी कारवाई अधूनमधून होते आणि त्याच्या बातम्याही छापून येतात.

अडचण सुरू होते ती नगरपालिकेपाशी. नद्यांत जाणाऱ्या प्रदूषित पाण्याचा मोठा वाटा कारखान्यांचा नसून शहरांच्या घरगुती मैलापाण्याचा आहे. एखाद्या कारखान्याला टाळे लावता येते. पुणे किंवा कोल्हापूर शहराला ते कसे लावणार? लाखो लोकांचे पाणी तोडण्याचा आदेश कोणतेही मंडळ काढणार नाही आणि काढूही नये. मग उरतात ते नोटिसा, बँक हमी जप्त करणे आणि खटले. महापालिका दंड भरते तो नागरिकांच्या करातून, आणि ज्या निधीतून मैलाशुद्धीकरण केंद्र उभे राहायचे त्याच निधीला ती कात्री लागते.

मंडळाची रचना पाहिली की या दुबळेपणाचे आणखी एक कारण सापडते. कायद्याच्या चौथ्या कलमानुसार मंडळाचा अध्यक्ष आणि सदस्य राज्य सरकार नेमते. त्यांत शासकीय अधिकारी पाचपर्यंत, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सदस्यांपैकी पाचपर्यंत आणि सरकारी मालकीच्या कंपन्यांचे व महामंडळांचे दोन प्रतिनिधी असतात. शेती, मत्स्यव्यवसाय, उद्योग, व्यापार यांच्यासाठी मिळून जास्तीत जास्त तीन जागा आहेत. ज्या संस्थांच्या गटारांवर लक्ष ठेवायचे, त्याच संस्थांचे प्रतिनिधी लक्ष ठेवणाऱ्यांत बसतात. नदीकाठी मासे धरून पोट भरणाऱ्याच्या वाट्याला तीनांतला एखादा वाटा आला तर आला. शिवाय १८व्या कलमान्वये राज्य सरकारने लेखी दिलेले आदेश मंडळावर बंधनकारक आहेत. मंडळाला पैसा मिळवून देणारा १९७७ चा जल उपकर कायदाही वस्तू आणि सेवा कर आला तेव्हा, २०१७ मध्ये, रद्द झाला.

मुठेपासून उजनीपर्यंत

ही सारी व्यवस्था प्रत्यक्षात कशी चालते, हे पाहण्यासाठी भीमा खोऱ्याइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

पुण्याला पाणी मिळते ते खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतून. चारही धरणे मिळून साठा सुमारे २९ टीएमसी. धरणे जलसंपदा विभागाची आणि पाण्याचे लाभधारक दोन. एकीकडे पुणे शहर, दुसरीकडे हवेली, दौंड आणि इंदापूर या तालुक्यांतील कालव्याखालची शेती. उन्हाळ्याच्या तोंडावर पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली कालवा सल्लागार समितीची बैठक होते आणि शहराला किती, शेतीला किती आवर्तने, याचा हिशेब मांडला जातो. या हिशेबात एक लाभधारक कधीच नसतो. ती स्वतः मुठा नदी. धरणातले पाणी जलवाहिन्यांतून शहराकडे आणि कालव्यातून शेताकडे जाते. पावसाळ्यातला विसर्ग थांबला की खडकवासल्याच्या खाली नदीच्या पात्रात ताजे पाणी जवळजवळ उरतच नाही. त्यानंतर पुण्याच्या पुलांवरून जे वाहताना दिसते ते मुख्यतः शहराचेच पाणी असते.

पुणे महापालिकेने मुळा-मुठा संवर्धनाचा प्रकल्प आखला तेव्हा शहरात रोज निर्माण होणारे मैलापाणी ७४४ दशलक्ष लिटर आणि शुद्धीकरणाची क्षमता ४७७ दशलक्ष लिटर धरली होती. उरलेली तूट भरून काढण्यासाठी ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची ११ नवी केंद्रे उभारायची होती. जपानच्या ‘जायका’ या संस्थेच्या कर्जातून केंद्राने खर्चाचा मोठा वाटा उचलला आणि जानेवारी २०१६ मध्ये करार झाला. त्यानंतर निविदा, फेरनिविदा, जागांचे ताबे यांत वर्षे गेली आणि प्रत्यक्ष कामाला गती आली ती २०२२ मध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये ४४ किलोमीटर लांबीच्या नदीकाठ सुधार योजनेची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. काठ आधी की पाणी आधी, हा पुण्यात तेव्हापासून चाललेला वाद निरर्थक नाही.

मुळा-मुठेचे पाणी पुढे मांजरी, थेऊर अशा गावांवरून जात भीमेला मिळते. या पट्ट्यातली शेती त्याच पाण्यावर होते आणि तिथली पालेभाजी पुण्याच्याच बाजारात येते. पिंपरी-चिंचवडची पवना मुळेत आलेली असते. इंद्रायणी देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेत उतरते. आळंदीत नदीवर फेसाचे थर तरंगतात आणि वारकरी त्याच फेसात स्नान करतात, ही छायाचित्रे अलीकडच्या वर्षांत वारीइतकीच नेमाने प्रसिद्ध होतात. या साऱ्यांची गाठ उजनीत पडते.

१९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक, ६३ टीएमसीच्या आसपास, मृतसाठा आहे. सोलापूरकरांना परिचित असलेली ‘उणे’ पातळी ती हीच. धरण उणे गेले की उरलेल्या पाण्यात वरून येणाऱ्या मैलापाण्याचे प्रमाण वाढते, उन्हाने शेवाळ फोफावते आणि पाणी हिरवे दिसू लागते. एकेकाळी इथल्या जाळ्यांत स्थानिक जातींची मासळी मोठ्या प्रमाणावर येई. आता घाण पाण्यातही तग धरणारी चिलापी सर्वत्र झाली आहे. सोलापूर शहर पिण्यासाठी जलवाहिनीने उजनीचेच पाणी घेते. भीमेच्या पात्रात सोडलेले पाणी पंढरपूरला चंद्रभागा म्हणून पोहोचते आणि पुढे टाकळी येथून पुन्हा सोलापूरसाठी उचलले जाते. पुण्यातल्या एखाद्या मैलाशुद्धीकरण केंद्राची निविदा तीन वर्षे रखडली, तर त्याची किंमत सुमारे अडीचशे किलोमीटर दूरच्या शहराला गाळण्या, तुरटी आणि क्लोरीन यांच्या रूपाने मोजावी लागते. त्या निविदेवर मत देण्याचा अधिकार सोलापूरला नाही.

हिशेबातली एक गोम

सांडपाण्याकडे केवळ ‘पाणी’ म्हणून पाहण्याची सवय काही २०२१ ची नाही. कृष्णा खोऱ्याच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने १९७० च्या दशकात दिलेल्या निवाड्यात एक नियम घालून दिला. भीमा कृष्णेचीच उपनदी असल्याने तो इथेही लागू होतो. शहरांसाठी उचललेल्या पाण्यापैकी फक्त २० टक्के पाणी ‘वापरले’ असे धरायचे आणि उद्योगांच्या बाबतीत तर अवघे अडीच टक्के. बाकीचे नदीत परत येते, असे त्यात गृहीत होते. जलशास्त्राच्या दृष्टीने हा हिशेब फारसा चुकीचा नाही, कारण घराघरांत आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी गटारात जाते, हे अभियंत्यांचे नेहमीचे गृहीतकच आहे. तथापि परत येणारे पाणी कोणत्या अवस्थेत आले पाहिजे, याचा भाव या हिशेबात कोठेच धरला गेला नाही. उचललेला एक टीएमसी आणि परत आलेला एक टीएमसी कागदावर सारखेच ठरले.

हीच गोम पुण्याच्या पाणीकोट्यातही दिसते. शहराला साडेअकरा टीएमसी पाणी देताना, त्या बदल्यात महापालिकेने साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेले पाणी शेतीसाठी परत करावे, असे ठरले. त्यासाठी मुंढवा येथे जॅकवेल बांधून ते पाणी बेबी कालव्यात सोडण्याची व्यवस्था झाली. कल्पना चांगली होती. शहराने आपले सांडपाणी शुद्ध करून द्यावे आणि तेवढे धरणातले पाणी वाचावे. प्रत्यक्षात किती पाणी परत आले, यावर जलसंपदा विभाग आणि महापालिका यांच्यात वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालला. ते किती शुद्ध होते, ही तक्रार कालव्याकाठच्या शेतकऱ्यांची. पहिला वाद दोन कार्यालयांचा असल्याने त्याच्या फायली जाड झाल्या. दुसऱ्याला तसे कार्यालयच नव्हते.

याच योजनेची दुसरी बाजू नागपुरात पाहायला मिळते. तिथे शहराच्या मैलापाण्यावर प्रक्रिया करून रोज १३० दशलक्ष लिटर पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देण्याचा प्रकल्प उभा राहिला. पाण्याला ठरलेल्या दर्जाचा गिऱ्हाईक होता, त्यामुळे दर्जाही पाळला गेला.

नियमन क्षेत्र आले आणि गेले

नदीकाठावर काय उभे राहावे, यावरही राज्याने एकदा नियंत्रण आणून पाहिले. जुलै २००० मध्ये पर्यावरण विभागाने नदी नियमन क्षेत्राचे धोरण जाहीर केले. नद्यांच्या पाण्याचे ए-१ ते ए-४ असे वर्ग पूर्वीपासून होते. ए-१ म्हणजे केवळ निर्जंतुक करून पिण्याजोगे, ए-२ म्हणजे रीतसर शुद्धीकरणानंतर पिण्याजोगे, ए-३ मासे आणि वन्यजीवांसाठी, तर ए-४ शेती व उद्योगांसाठी. या वर्गांनुसार काठापासून अर्ध्या किलोमीटरपासून काही किलोमीटरपर्यंत प्रदूषणकारी उद्योगांना बंदी किंवा मर्यादा घालण्यात आली. जुलै २००९ मध्ये या धोरणात सुधारणा झाली.

उद्योगांचा या धोरणाला पहिल्यापासून विरोध होता. औद्योगिक वसाहतींसाठी घेतलेल्या जमिनी पडून राहतात आणि असे बंधन इतर राज्यांत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये सरकारने हे धोरण संपूर्ण रद्द केले. प्रदूषणाला कायदे आहेतच, वेगळ्या अंतराची गरज नाही, ही भूमिका एका अर्थाने तर्कशुद्ध आहे. परंतु ती कायदे पाळले जातात असे धरून चालते. धोरणामुळे कोणत्याही शहराचे मैलापाणी थांबले नव्हते, हेही खरे. ते मुळात त्याचे कामच नव्हते. मात्र नदीच्या पाण्याचा वर्ग आणि काठावरचा जमीनवापर यांना जोडणारा जो एकच धागा राज्याकडे होता, तो या निर्णयाने तुटला.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या अहवालात देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५३ महाराष्ट्रात होते. २०२२ च्या अहवालात देशाची संख्या ३११ वर उतरली आणि महाराष्ट्राची ५५ वर गेली. दोन्ही वेळा राज्य पहिल्या क्रमांकावर होते. एक लिटर पाण्यात जैव-रासायनिक ऑक्सिजन मागणी तीन मिलिग्रॅमपेक्षा अधिक आढळली, की तो पट्टा या यादीत जातो. महाराष्ट्रात पाणी तपासण्याची केंद्रे अधिक आहेत आणि त्यामुळेही संख्या वाढते, असे त्यावर सांगितले जाते. पंचगंगेच्या काठच्यांना या खुलाशाचा फारसा उपयोग नाही. इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीच्या साथीने बळी घेतले होते, आणि तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच दिसला नाही असे वर्ष विरळाच.

प्राधिकरणाकडे काय उरले?

पाण्याचे प्रमाण आणि दर्जा एका छताखाली आणण्याची संधी राज्याला २००५ मध्ये मिळाली होती. त्या वर्षी स्थापन झालेले महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण हे देशातले अशा स्वरूपाचे पहिले. पाण्याचे दर ठरवण्याबरोबरच राज्यातील पाण्याची गुणवत्ता राखण्यास साहाय्य करणे आणि ‘जो प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व पाळणे, हेही त्याच्या कायद्यात लिहिलेले आहे. मात्र २०११ च्या दुरुस्तीने पिण्यासाठी, शेतीसाठी व उद्योगांसाठी किती पाणी, हे ठरवण्याचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला. प्राधिकरणाने सर्वाधिक लक्ष वेधले ते सप्टेंबर २०१४ मध्ये, वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याच्या आदेशाने. तोही प्रमाणाचाच वाद होता. नदीत वर्षभर किमान किती प्रवाह असावा, हे बंधन केंद्राने गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये घातले. मुठेला किंवा भीमेला तसे कवच मिळालेले नाही.

या पोकळीत न्यायालये उतरली. सांडपाणी आणि घनकचरा यांच्या व्यवस्थापनातील त्रुटींबद्दल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राला सुमारे १२ हजार कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई ठोठावली. दुसरीकडे, संसदेने २०२४ मध्ये जल कायद्यात दुरुस्ती करून अनेक गुन्ह्यांसाठीची कैद काढून टाकली आणि त्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. राज्य मंडळांच्या अध्यक्षांची नेमणूक कशी व्हावी, याचे नियम करण्याचा अधिकारही केंद्राकडे गेला. हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांपासून सुरू झालेली ही दुरुस्ती इतर राज्यांना ठराव करून स्वीकारता येते. कैदेची शिक्षा प्रत्यक्षात क्वचितच होत असे, त्यामुळे फरक पडत नाही, असे तिचे समर्थक म्हणतात. पंधरा लाख ही रक्कम मोठ्या महापालिकेच्या अंदाजपत्रकात शोधूनही सापडणार नाही, हेही त्यासोबत लक्षात घ्यायला हवे.

हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यातच आहे. नदीच्या प्रदूषणाची झळ बसलेली कोणीही व्यक्ती त्याच्याकडे अर्ज करू शकते. वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून त्यासाठी सहा महिन्यांची मुदत असते. नुकसानभरपाई मागायची असल्यास ती पाच वर्षांची आहे.